आधी फिल्टर, मग टाकी

मोठी फिशटँक बांधतोय म्हटल्यावर लोक तीनच प्रश्न विचारतात. किती लिटरची? खर्च किती? आणि फुटली तर? चौथा प्रश्न, "पाणी साफ कसं ठेवणार?", हा मला गेल्या दोन वर्षांत एकाच माणसाने विचारला. ते काका सायझिंगमध्ये बॉयलर सांभाळायचे. सगळं आयुष्य पाण्यातल्या क्षारांशी भांडण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना टाकीच्या आधी पाणी दिसलं. बाकी आपल्या सगळ्यांना आधी काच दिसते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे :-) घरी मोठी टाकी बांधायची असेल तर आधी फिल्टर बांधा. कागदावर आधी, पैशात आधी आणि जागेतही आधी. फिल्टरचं सगळं भागवून जे उरेल तेवढीच टाकी मोठी करा. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात. आधी भिंतभर टाकी, मग उरलेल्या पैशांत कुठला तरी फिल्टर, आणि मग तीन महिन्यांनी "मासे जगतच नाहीत हो आमच्याकडे" हे रडगाणं.

आता थोडी पार्श्वभूमी. आम्ही भिवंडीचे. भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना दोन गोष्टी आठवतात, यंत्रमाग आणि गोडाऊन. (तिसरी ट्रॅफिक. माणकोली नाक्यावर ज्याने संध्याकाळ काढली आहे त्याला विचारा.) बाबांनी माग भंगाराच्या भावाने विकले तेव्हा घरामागची शेड रिकामी झाली. शेडमध्ये मागे काय राहिलं, तर मागांचे हादरे सोसलेली काँक्रीटची जाड जमीन, थ्री-फेज कनेक्शन आणि कधीही न जाणारा सुताच्या पेळूचा वास. मी सोमवार ते शुक्रवार ऐरोलीला कीबोर्ड बडवतो. शनिवार-रविवार हाताला काहीतरी खरंखुरं काम हवं होतं. त्यातून ही टाकी: आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, प्लायवूडची. पाणी सव्वादोन फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १,४०० लिटर.

प्लायवूडची का? कारण एवढ्या मापात चारही बाजूंना काच हा उधळपट्टीचा मामला आहे. मासे आपण समोरून बघतो. मागच्या भिंतीला, तळाला आणि कडांना काच लावून कुणाला काय दाखवायचंय? शिवाय लाकडातून उष्णता सहज जात नाही, त्यामुळे मे महिन्यात आणि जानेवारीच्या पहाटे पाणी एकदम तापत किंवा गारठत नाही. आणि भिवंडीच्या रस्त्यांवरून आठ फुटी काचा टेम्पोतून आणायच्या तर एक काच आणणं आणि चार आणणं यात फार फरक आहे, हे वेगळं सांगायला नको.

"लाकडात पाणी?" असं विचारणाऱ्यांना मी होडी दाखवतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर याच खाडीच्या आश्रयाने मराठ्यांची जहाजं बांधली जाऊ लागली. लाकूड पाण्यात घालायची विद्या आमच्या भागाला नवीन नाही. होडी पाणी बाहेर ठेवते आणि टाकी पाणी आत ठेवते, एवढाच काय तो फरक. आजही कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांना फायबरग्लासचं अस्तर चढवतात. माझ्या टाकीत तेच केलं आहे, फक्त आतल्या बाजूने.

प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का बघा. याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात. या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे असं मानक आहे. पण इथेच लोकांचा गैरसमज होतो. टिकतो तो गोंद. लाकूड पाणी पितंच. म्हणून आतून एपॉक्सीचे तीन-चार हात आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी याला पर्याय नाही. होडीवाले पुष्कळदा स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन वापरतात, पण लाकडाला एपॉक्सी जास्त घट्ट धरतं. आणि हे काम नोव्हेंबर ते मे याच दिवसांत करायचं. पावसाळ्यात आपल्या हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा पुढचा हात नीट चिकटत नाही. मे महिन्यात उलटी अडचण. मगभर मिश्रण एकदम कालवलं तर ते मगातच तापून धुरावतं. थोडं थोडं कालवायचं आणि पसरट भांड्यात ओतून ठेवायचं.

काचेची गंमत अशी की ती बाहेरून लावायची नसते. पुढच्या प्लायला खिडकी कापायची, चारही बाजूंनी चार-चार इंचांची चौकट ठेवायची आणि काच आतून टेकवायची. मग पाणीच काचेला चौकटीवर दाबून धरतं. सिलिकॉनचं काम फक्त फट बुजवायचं. सुताराला हे पटायला अर्धा दिवस गेला. "साब, काँच तो बाहर से लगता है," हे त्याचं पालुपद. शेवटी मी त्याला दार आतून ढकलायला लावलं आणि चौकटीने अडवलेलं दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "पानी खुद पकड़ेगा!" इतकं सोपं स्पष्टीकरण मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. भिंतीवरचा पाण्याचा जोर टाकीच्या रुंदीवर अवलंबून नसतो. तो ठरतो खोली आणि लांबी यांवर, आणि खोलीच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खोली दुप्पट केली की जोर चौपट. माझ्या टाकीच्या पुढच्या बाजूवर एकूण साडेपाचशे किलोंच्या वर जोर येतो. तेवढाच मागच्या प्लायवर. त्यामुळे "अजून सहा इंच उंच केली तर छान दिसेल" हे वाक्य ऐकलं की मी कान बंद करतो. मोठी हवी तर रुंद करा. माशांनाही पोहायला जमीन लागते, उंची लागत नाही. काच मी पंधरा मिलिमीटरची घेतली आणि वरच्या कडेला आडवी लाकडी चौकट ठोकली, म्हणजे भिंती फुगत नाहीत.

आता वजन. हा भाग फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्रांनी कृपया दोनदा वाचावा. पाणी, लाकूड, काच मिळून माझी टाकी दीड टनाच्या वर जाते. तिच्या तळाखाली दर चौरस मीटरला साधारण ७०० किलो भार येतो. राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन आयएस ८७५ या मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा वापराचा भार धरून करतात. म्हणजे साडेतीन पट. "आमची बिल्डिंग मजबूत आहे" हे उत्तर नाही. भिवंडीत तर हे उत्तर देऊच नये. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली इमारत पहाटे झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली. एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याची इमारत भर दुपारी बसली. त्या इमारती फिशटँकने पडल्या नाहीत, हे मलाही कळतं. पण स्लॅबवर काय ठेवतोय याचा हिशेब न करण्याची सवय कुठे नेते ते आम्ही दोनदा पाहिलंय. वरच्या मजल्यावर प्रत्यक्ष जागा बघून स्ट्रक्चरल इंजिनियरने लेखी दिल्याशिवाय एक हजार लिटर पाणी ठेवू नका. तळमजल्यावर, खाली भरीव जमीन असेल तिथेच ठेवा.

इथपर्यंतचं सगळं खरं तर सोपं आहे. माप घेतलं, कापलं, चिकटवलं, आठवडाभर पाणी भरून गळती तपासली, संपलं. टाकी एकदा बांधून होते. पाण्याचं तसं नसतं, ते रोज नव्याने बिघडतं.

हा बिघाड आकड्यांत बघू. मी माशांना दिवसाला साधारण २० ग्रॅम खाद्य घालतो. त्यात ४० टक्के प्रथिनं. मत्स्यशेतीत वापरतात त्या हिशेबाने एवढ्या खाद्यातून दिवसाला पाऊण ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. १,४०० लिटरमध्ये म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा आकडा रोजचा आहे, आणि पाण्याचा पीएच आठच्या आसपास असेल तर त्यातला विषारी भाग पहिल्याच दिवशी काळजी करण्याइतका होतो. फिल्टर नसेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. आणि टाकीचं पाणी तेव्हाही काचेसारखं स्वच्छ दिसत असतं! हीच खरी फसवणूक आहे. डोळ्यांना स्वच्छ आणि माशांना स्वच्छ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिल्टर म्हणजे गाळणी अशी आपली समजूत असते, आणि ती घरच्या प्यायच्या पाण्यावरून आलेली आहे. भिवंडी तालुक्यातच पांजरापूरला मुंबई महापालिकेचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. तिथे पाण्यातला गाळ बसवतात, पाणी वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन घालून जंतू मारतात. माशांच्या टाकीचा फिल्टर नेमकं उलटं काम करतो. पालिकेचा फिल्टर जंतू मारतो, आपला फिल्टर जंतू पाळतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात माशांना सोसतं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. पुढे शंभरेक वर्षं हौशी लोकांच्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला जायचं. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत प्रत्यक्ष शोधलं तेव्हा तिथे काम करणारा निघाला नायट्रोस्पायरा. म्हणजे शंभर वर्षं भलत्याच कर्मचाऱ्याचं अप्रेझल चालू होतं :-)

या जिवाणूंना तीनच गोष्टी लागतात. चिकटून बसायला जागा, भरपूर ऑक्सिजन आणि वेळ. तिन्हींना शॉर्टकट नाही.

जागा म्हणजे सम्प. मुख्य टाकीच्या बाजूला ३०० लिटरची दुसरी टाकी. (बाजूला, खाली नव्हे. वजन पसरतं आणि हात घालायला सोपं जातं.) वरच्या टाकीतलं पाणी काठावरून ओसंडून नळीने सम्पमध्ये येतं, आधी गाळणीच्या थरातून, मग जिवाणूंच्या स्पंजातून, आणि शेवटी पंप ते वर फेकतो. हा क्रम बदलायचा नाही. कचरा आधी अडला नाही तर स्पंज चोंदतो आणि आतले जिवाणू गुदमरतात. काठावरून ओसंडण्याचा आमच्याकडे एक जास्तीचा फायदा आहे. आजूबाजूला माग चालू असल्याने हवेत कापसाचा आणि धाग्याचा भुगा असतो, तो पाण्यावर सायीसारखा जमतो. ओसंडणारं पाणी ती साय आपसूक ओढून नेतं. गाळणीसाठी उशीत भरतात तो साधा पांढरा पॉलिएस्टर वापरतो. भिवंडीत तो मागितला की वजनावर मिळतो. दुकानातल्या रंगीत डब्यांतल्या 'खास' फिल्टर-कापसापेक्षा काडीचाही कमी नाही.

नळ्या दोन ठेवा, एक कामाची आणि एक संकटकाळची. पहिलीत पान अडकलं तर दुसरी पाणी उतरवते, नाहीतर पंप वर ढकलत राहतो आणि जमिनीवर तळं होतं. वीज गेली की काठाच्या वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. माझ्या टाकीत पातळी तीन सेंटिमीटर उतरली तरी साठेक लिटर खाली येतात. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी पाहिजे. हा हिशेब पंप घेण्याआधी करायचा असतो, पाणी फरशीवर आल्यावर नव्हे.

पंप तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवेल असा घ्या. माझा ८० वॅटचा आहे आणि चोवीस तास चालतो. म्हणजे महिन्याला साधारण ५८ युनिट. यावर आईचं म्हणणं, "तुझ्या माशांना अठ्ठावन्न युनिट, आणि मी गिझर दहा मिनिटं जास्त चालवला की लेक्चर!" मुद्दा बिनतोड आहे. पण तेच तर सांगतोय, की हे बिल दर महिन्याला येणार हे टाकीच्या मापाआधी ठरवायचं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. उघड्या सम्पमधले जिवाणू थोडा वेळ तग धरतात, पण बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत ऑक्सिजन संपतो.

आणि वेळ. सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. पाणी फिरतंय, दिवे लागलेत, मी थेंबथेंब अमोनिया घालून टेस्ट किटचे रंग वहीत लिहितोय. या काळात जो पाहुणा आला त्याने "मासे कुठायत?" विचारलं. एका मावशींनी तर आईला बाजूला घेऊन माझ्या लग्नाचं बघा असं सुचवलं. सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हे चांगलं माहीत असतं. स्क्रीन तयार झाली की क्लायंटला वाटतं झालंच काम. मागे डेटाबेस नाही, बॅकअप नाही, हे त्याला दिसत नाही. आपण त्याच्यावर वैतागतो, आणि शनिवारी कुर्ल्याच्या मासळीच्या, म्हणजे शोभेच्या माशांच्या गल्लीत जाऊन स्वतः अगदी तेच करतो. टाकी, दगड, दिवा आणि मासे, सगळं एकाच पिशवीतून घरी.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांकडे बघा. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आपल्यापैकी निम्मे तरी तिथे शाळेच्या सहलीत गेलेले असतील. २०१५ मध्ये नूतनीकरण झाल्यावर तिथे बारा फुटी ॲक्रिलिकचा बोगदा आला आणि लोक त्यात उभं राहून फोटो काढू लागले. फोटोत काचेमागचे पंप, वाळूचे फिल्टर, पाण्याच्या तपासण्या यातलं काही येत नाही. कोविडमध्ये मत्स्यालय प्रेक्षकांना बंद झालं, पण पाणी फिरवणं बंद करता येत नाही. प्रेक्षक नसले तरी मासे अमोनिया सोडतातच. घरच्या टाकीलाही हाच नियम. तुम्ही गोव्याला गेलात म्हणून फिल्टरला सुट्टी नसते.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. "भिवंडीत टँकरच्या रांगा लागतात आणि तू माशांसाठी चौदाशे लिटर पाणी भरतोस?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं सरकारी माप आहे. त्या मापाने माझी टाकी एकदा भरण्यात दहा माणसांचं एका दिवसाचं पाणी गेलं. मी आठवड्याला १५ टक्के पाणी बदलतो, म्हणजे २१० लिटर, दिवसाला ३०. हे पाणी थोडं नाही. पण इथेच फिल्टर पुन्हा मध्ये येतो. फिल्टर तोकडा असेल तर हेच प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं आणि सगळं पाणी गटारात जातं. फिल्टर पुरेसा असेल, सम्पमध्ये मनीप्लांटची मुळं सोडून नायट्रेट त्यांना खाऊ घातलं असेल, तर पाणी कमी लागतं. काढलेलं पाणी आमच्या अंगणातल्या केळीला आणि संडासाच्या टाकीला जातं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी, पहिले दोन-तीन मोठे पाऊस सोडून, धरून ठेवतो. एवढं करता येत नसेल तर या शहरात मोठी टाकी बांधायचा हक्क आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपल्या पाळलेल्या जिवाणूंना ओळखत नाही, सगळ्यांना सारखाच मारतो. म्हणून पाण्यात आधी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातलं 'अँटिक्लोरीन', घालायचं आणि स्पंज कायम टाकीच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. दुसरं म्हणजे, जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली अल्कलिनिटीही खातात, दर ग्रॅम नायट्रोजनमागे सात ग्रॅमच्या वर. आपलं सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मुळात मऊ. काही आठवड्यांत पीएच घसरतो आणि फिल्टर मुकाट्याने काम थांबवतो. सम्पमध्ये जाळीच्या पिशवीत धुतलेले शिंपले टाकून ठेवले की ते हळूहळू विरघळून तूट भरतात. सायझिंगवाल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही जन्मभर क्षार काढले, तू विकत आणून घालतोयस." आता काय बोलणार!

हा सगळा हिशेब डोक्यात बसला की गावाकडे बघायची नजरही बदलते. कामवारी नदी आमच्या शहरातून वाहते. तिच्यात गटारांचं पाणी जातं, रंगाई-धुलाईचं जातं. घाण किती येते आणि ती पचवायची ताकद किती, हा टाकीचाच प्रश्न आहे. आपण वस्ती वाढवली, कारखाने वाढवले, गोडाऊनं तर किती वाढवली. फिल्टर मात्र "नंतर बघू" या यादीत राहिला. नदीला टेस्ट किट लावायचीही गरज नाही, पुलावर उभं राहिलं तरी पुरे.

म्हणून शेवटचा मुद्दा माशांचा. मोठी टाकी झाली की राक्षसी मासे आणायचा मोह होतो. रेडटेल कॅटफिश दुकानात बोटाएवढा मिळतो आणि पुढे तीन-चार फुटांचा होतो. मग आठ फुटी टाकीही त्याला न्हाणीघरासारखी वाटते आणि मालक रात्री त्याला तलावात सोडून पुण्य मिळवल्याच्या समाधानात घरी येतो. ते पुण्य नव्हे. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा अमेरिकेतला मासा सापडला. तो पोहत तिथे आलेला नाही. थाई मांगुरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो आपल्या पाण्यातून गेलेला नाही. आमच्या वऱ्हाळदेवी तलावावर असले पाहुणे लादायचा कुणालाही अधिकार नाही. माझ्याकडे पश्चिम घाटातल्या नद्यांमधले फिलामेंट बार्ब आहेत, दुकानातून आणलेले, पस्तीस. लांबट, चपळ, शेपटीजवळ काळा ठिपका. आठ फुटांत ते घोळक्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात तेव्हा टाकी मोठी का बांधली ते कळतं.

तेव्हा मंडळी, बांधायची असेल तर जरूर बांधा. हातांना काम मिळतं, आणि गणिताचं पुस्तक शाळेनंतर पहिल्यांदाच खरं वाटतं. पण खाली भरीव जमीन, न चुकता वीज, बदलायला पाणी आणि दर आठवड्याला दोन तास यातलं एक जरी नसेल, तर तीन फुटी काचेची टाकी घ्या, त्यात दहा छोटे मासे ठेवा आणि दुकानदार सांगेल त्याच्या दुप्पट मापाचा फिल्टर लावा. त्यात कमीपणा काही नाही. माशांना टाकीचा आकार तुमच्या पाहुण्यांइतका महत्त्वाचा वाटत नाही.

असो. शनिवार आहे, स्पंज पिळायचाय.